तीन एकांचे सहा

मलकापूर, ३ जून २०२४

ती. दादा,
शि. सा. न. वि. वि.
आष्ट्याच्या बाजारात तुम्ही घरची वाट चुकलात, तेव्हापासून शंभूराज जम्मूहून रोज फोन करतो, की दोघांना मलकापूरला आण. मी त्याला आपला करार सांगितला: दादा कोडं सोडवतात तोवर त्यांना मळ्यातून कुणी हलवायचं नाही. तर घ्या. तीन पाच, मध्ये चिन्हं घालून सहा करा. आईला विचारायचं नाही हं!

तुमची लाडकी,
पूजा

आष्टा, ८ जून

चि. पूजास,
अ. उ. आ.
५ ÷ ५ + ५ = ६. पस्तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला हे कोडं? जरा अवघड पाठव. शंभूला म्हणावं, सीमा सांभाळ, बाप सांभाळू नकोस. हिला पायरी चढताना दम लागतो, बाकी ठीक.

लोभ वाढता ठेव.
दादा

मलकापूर, १४ जून

ती. दादा,
शि. सा. न.
वा! शंभूला गप्प केलं. आता तीन एक, उत्तर सहाच. आमच्या शाळेत कुणालाच सुटलं नाही. आईला डॉक्टरकडे न्या. मी परीक्षेच्या कामातून सुटले की येते.

पूजा

आष्टा, २० जून

चि. पूजास,
आशीर्वाद.
उत्तरं मीच काढते गं, ह्यांच्यासमोर फोनवर सांगता येत न्हाई. ह्यांची शिकवणी चालायची, तवा चुलीपुढं ऐकून शिकले. मी पाटीवर लिहिते, ते उतरवतात. पत्र लिहायला अजून जमतं, गणित पार गेलं. गॅस सुरूच सोडतात. हात जोडून म्हणाले, पूजाला सांगू नको, मला इथनं हलवतील. मग मी तुला कळवलं न्हाई. चुकलं माझं.
डॉक्टर म्हणतात, छातीचं लय वाढलंय, सांगलीला ॲडमिट व्हा. ह्यांना कुणावर सोडू? आता रेटत न्हाई. रविवारी येऊन दोघांना घेऊन जा. एकाचं उत्तर असं, कंसात तिन्ही एक मिळवायचे, आणि त्या तिनाचं तीन गुणिले दोन गुणिले एक करायचं उद्गारचिन्ह पुढं

आष्टा, तारीख लक्षात नाही

चि. पूजास,
अ. उ. आ.
१ + १ + १ = ६. पाटीवर एवढंच होतं. हिचं तुझ्या नावाचं पत्र टेबलावर होतं, न वाचता पाकिटात घालतो. फोन बऱ्याचदा वाजला, बटण सापडलं नाही. ही कालपासून झोपली आहे. थकली असेल, म्हणून उठवलं नाही. चहा दोनदा केला, तो तसाच आहे.

उत्तर चुकलं असेल तर रागावू नकोस, आणि शंभूला कळवू नकोस. ही उठली की विचारून पाठवतो.

तुझा,
दादा