लाजाळू तुकडीकडून एफ्रेनला

प्रिय एफ्रेन,

तुझं पत्र मिळालं. कागद इतका गुळगुळीत, की आमच्या पोस्टमननं हातात देण्याआधी तो दोनदा चाचपून पाहिला. शाळा सोडून पंचवीस वर्षं झाल्याच्या मेळाव्यात मुख्य भाषण तुझं आहे आणि त्यासाठी तुला आपल्या तुकडीतल्या नमुन्यांचे गमतीदार किस्से हवेत. देते की. पण शेवटी समितीसाठी तू एक ओळ खरडली आहेस: 'माझ्या घरून कुणी येणार नाही, वक्त्याच्या छातीवरची मानाची फीत समितीतल्याच कुणीतरी लावावी.' समितीची चिटणीस मी आहे आणि ती ओळ मी पुढे पाठवलेली नाही. पाठवणारही नाही. त्यावरून आपलं भांडण होणार, हे धरूनच चालू. आधी किस्से घे.

गुणांप्रमाणे आठ तुकड्या पाडायचे आणि प्रत्येकीला फुलाचं नाव द्यायचे. हुशार मुलं मोगऱ्यात. आठव्या तुकडीपर्यंत येताना शाळेची फुलं संपली असावीत, म्हणून आपल्याला लाजाळू दिलं. त्या वर्गात औषधालासुद्धा एक लाजरं माणूस नव्हतं. "मोगरा दुपारपर्यंत सुकतो गं, आपण कुठंही उगवतो," असं मिलाग्रोस मोगऱ्यातल्या मुलींना तोंडावर सांगायची.

या मिलाग्रोसची आजी त्या वर्षात चार वेळा वारली. दर वेळी उशिरा येण्याचं कारण तेच. आपल्या वर्गाच्या आबेल्याना बाई चारही वेळा मान खाली घालून दोन मिनिटं स्तब्ध उभ्या राहिल्या, वर्गालाही उभं केलं. पाचव्या खेपेला बाई उठणार, तेवढ्यात खुद्द आजी दारात हजर, नातीची विसरलेली छत्री घेऊन. बाई शांतपणे म्हणाल्या, "या आजी, बसा. फार लांबून आलात." मिलाग्रोस आता गावची प्रमुख आहे. मयताच्या घरी सर्वांत आधी पोहोचते. लोक हसतात, तीही हसते.

दुसरा तेओपिस्तो, आपला पिस्तो. बीजगणितात त्याला शून्याखाली काही देता येत नाही याचं बाईंना दुःख व्हायचं. पण शुक्रवारी वर्गाची लाकडी जमीन घासायची वेळ आली की तोच राजा. बाकीचे एका पायाखाली नारळाचं सोडण घेऊन रडतखडत घासायचे. हा दोन्ही पायांखाली सोडणं घ्यायचा आणि हात कमरेवर ठेवून बाकांमधून नाचत सुटायचा. आज त्याच्या तीन तीनचाकी आहेत. वळण घेताना अजून कंबर हलवतो. उतारूंनी तक्रार केली तर म्हणतो, "नाच फुकट आहे, भाडं फक्त प्रवासाचं."

आणि ते मेणाचं प्रकरण. ते तू भाषणात सांगणारच, म्हणून नीट सांग. जमिनीला लावायचं लाल मेण मोगरावाले दुकानातून डबाबंद आणायचे. आपल्याकडे कुठलं? तूच युक्ती काढलीस. सर्व संतांच्या दिवशी अख्खं गाव कबरींवर मेणबत्त्या लावतं. दुसऱ्या दिवशी आपण स्मशानात जाऊन वितळलेलं मेण खरवडून आणलं, रॉकेलमध्ये उकळलं, लाल रंग टाकला. आठवडाभर आपल्या दोघांचे तळहात लाल होते आणि मी ते मुद्दाम घासून धुतले नाहीत, कारण तुझेही तसेच होते. हे आज लिहायला मला काही वाटत नाही. मला तू आवडायचास, तुला ते माहीत होतं, सगळ्या लाजाळूला माहीत होतं. तर, मेण जास्त झालं. जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी दारातून आत आले ते थेट फळ्यापर्यंत बसल्या बसल्या घसरत गेले. पिस्तो मागून ओरडला, "साहेब, गुडघे वाकवा!" कुणी केलं म्हणून मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा तू उभा राहिलास. मग मी, मग मिलाग्रोस, मग सगळा वर्ग. महिनाभर साऱ्या शाळेचे व्हरांडे आपण घासले. त्यापेक्षा चांगला महिना मी पाहिलेला नाही.

पण त्या गोंधळानंतरच तुझ्या वडिलांची चुलतबहीण, औषधाच्या दुकानाची मालकीण दोन्या पुरिता, शाळेत आली. "आमच्या रक्ताचा मुलगा या उनाडांत?" म्हणाली. डिसेंबरात तू मोगऱ्यात गेलास. तुझं डोकं चांगलं होतं, जागा तुझ्या हक्काची होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मग मैदानावर तू मला ओळख दाखवेनासा झालास. त्याचा राग दोन वर्षं टिकला आणि विरून गेला. माझं लग्न झालं, नवरा चांगला आहे, तुझ्याहून छान मासे तळतो.

दुसरा एक राग आहे, तो मात्र अजून तस्साच आहे.

शाळेच्या फाटकाबाहेर तुझी आई तांदळाचे पुतो वाफवून विकायची. वाफेवरून झाकण काढायच्या आत आपली लाजाळू तिच्याभोवती. पिस्तो उपाशी आलाय हे तिला त्याच्या चालण्यावरून कळायचं. "खा रे, नाचायला ताकद नको का?" म्हणून केळीच्या पानावर दोन जास्त ठेवायची. तू आईला नानाय म्हणायचास, म्हणून आम्ही सगळेही तिला नानायच म्हणायचो. आमची आईच होती ती.

आपल्याकडे निरोप समारंभात पदक शाळा घालत नाही. मुलाची आई किंवा बाप मंचावर चढतो आणि मुलाच्या गळ्यात घालतो. तुला पदक मिळणार, म्हणून नानायनं निळा झगा शिवला होता. तू तिला सांगितलंस की आत जायला पास लागतो आणि तुझ्या वाट्याला एकच आलाय. पास-बिस काही नव्हता, एफ्रेन. माझा बाप मासळीच्या टोपलीसकट आत आला होता. तुझं नाव पुकारलं तेव्हा पंखा हलवत दोन्या पुरिता मंचावर गेली. नानाय निळ्या झग्यात फाटकाबाहेर उभी होती. पिस्तोनं तिला पाहिलं आणि हाताला धरून आमच्या शेवटच्या रांगेत आणलं. मिलाग्रोसच्या आजीनं उठून तिला आपली खुर्ची दिली. तू मान झुकवलीस तेव्हा सर्वांत मोठ्यानं टाळ्या तिनं वाजवल्या. "किती उंच दिसतोय ना?" एवढंच ती मला म्हणाली. तू आमच्या रांगेकडे एकदा पाहिलंस आणि लगेच नजर वळवलीस. म्हणजे तुला दिसलं होतं.

मागच्या वर्षी एका मासिकात तुझी मुलाखत आली. 'पदक मिळालं त्या दिवशी दुर्दैवानं आईला ताप होता.' नानायला वाचता येत नाही, म्हणून मी तिला वाचून दाखवली. त्या ओळीवर मी थांबले. ती म्हणाली, "असेल गं. असेल ताप. मला आता आठवत नाही." तुझ्यासाठी ती स्वतःलासुद्धा खोटं पाडायला तयार आहे. मी नाही. आमच्यापैकी कुणीच नाही.

तेव्हा हे पत्र किस्से देण्यासाठी लिहिलेलं नाही. किस्से हवे तेवढे सांग, लाजाळूला हसलेलं चालतं, आम्ही पहिल्यापासून स्वतःला हसत आलोय. हे लिहिलं ते तुला आधी कळावं म्हणून. शनिवारी तुकड्या क्रमानं आत येतील, आम्ही सवयीप्रमाणे शेवटी. आमच्या पुढे नानाय असेल. दोन महिने ती नको म्हणत होती. "त्याला अवघड होईल. मी घरीच बरी," हेच तिचं पालुपद. काल मिलाग्रोस, पिस्तो आणि मी तिच्या दारात बसलो आणि हो म्हणेपर्यंत उठलो नाही. झगा नवा आहे, आम्ही शिवून घेतला. तुझं नाव पुकारलं की फीत घेऊन ती उभी राहील. तिचे गुडघे आता मंचाच्या पायऱ्या चढत नाहीत. तुला खाली यावं लागेल, सगळ्या सभागृहासमोर, आमच्या रांगेपर्यंत. नाही आलास तर आम्ही काही बोलणार नाही. ती फीत हातात धरून उभी राहील आणि आम्ही सगळे तिच्याबरोबर उभे राहू, तू येईपर्यंत किंवा दिवे मालवेपर्यंत.

अजूनही तुझीच, पण आधी नानायची,
लुझविमिंडा