मास्तरांना का काढलं?

३ मार्च

मास्तरांना काढलं! आणि मला कळलं कुठे, तर गेमच्या चाहत्यांच्या ग्रुपवर. दादा त्याच कंपनीत, त्याच गेमचा दिग्दर्शक, मी त्याच्याच घरात राहते – आणि मला बाहेरच्यांकडून कळतंय. कंपनीचं निवेदन दोन ओळींचं: ‘परस्पर संमतीने.’ संमती म्हणे! बोटीच्या प्रवेशातली ती चाल ज्याने दिली, तो संगीतकार आपण होऊन जाईल? रात्री दादा जेवला, ताट उचललं, आत गेला.

४ मार्च

ग्रुप पेटलाय. लोक पाच तारे काढून एक तारा देताहेत. पुढच्या भागासाठी आधीच भरलेले पैसे परत मागताहेत. घुबड (ग्रुप आम्ही दोघं सांभाळतो, खरं नाव अजून माहीत नाही) म्हणाला, या कंपनीला आपण डोक्यावर घेतलं हेच चुकलं. मी लिहिलं – मास्तर नाहीत, तर आम्हीही नाही. हजारोंनी उचललं ते. मी कोणाची बहीण हे तिथे कोणालाच ठाऊक नाही. बरंच आहे.

दुकानात लक्ष नव्हतं. एका आजोबांच्या चष्म्याला डाव्या डोळ्याचा नंबर उजवीकडे लिहिला. मालकाने वेळेवर पाहिलं म्हणून निभावलं.

५ मार्च

वहिनीला विचारलं. छोटी व्हायच्या आधी ती मास्तरांच्याच हाताखाली होती, दोन वर्षं. तिला तरी राग यायला हवा! तर म्हणाली, तू यात पडू नकोस. आणि छोटीचे केस विंचरत बसली. छोटीचे केस सकाळीच विंचरून झाले होते.

दोघं मिळून काहीतरी लपवताहेत.

७ मार्च

संध्याकाळी वाळलेले कपडे काढत होते. दादा पलीकडे गॅलरीच्या टोकाला फोनवर. आवाज दाबून बोलत होता, पण एक वाक्य स्वच्छ ऐकू आलं – “तिचं नाव कुठेही येता कामा नये.”

तिचं! कोणाचं? ग्रुपवर कालपासून बोलताहेत की मास्तरांच्या जागी कोणी बाई आणणार आहेत. मी ते थापा म्हणून सोडून दिलं होतं.

आणि वहिनी बिचारी आत कुकर लावतेय.

८ मार्च

वहिनीचे डोळे सुजलेत. कांदा चिरला म्हणे. आज घरात कांदा नव्हता.

१० मार्च

मास्तरांचा व्हिडिओ आला. पांढरा सदरा, खाली नजर. “मला कारण सांगितलं गेलं नाही. माझी तक्रार नाही. तुमचं प्रेम आहे, तेवढं पुरे.” या माणसाला असं घालवलं!

गॅलरीतलं वाक्य मी घुबडला सांगितलं. फक्त त्यालाच. कोणी सांगितलं हे बोलायचं नाही, या अटीवर.

११ मार्च

सगळीकडे झालं. ‘दिग्दर्शकाने मैत्रिणीसाठी मास्तरांचा बळी दिला.’ दादाचा फोटो, लग्नातला, वहिनीचा चेहरा पुसून. ऑफिसच्या फाटकाशी माणसं जमली, घोषणा झाल्या. छोटीच्या शाळेत कोणीतरी तिला विचारलं, तुझ्या बाबांची मैत्रीण कोण?

दादा लवकर घरी आला. बूट न काढताच खुर्चीत बसला. मग एवढंच म्हणाला, “घरातलं बोलणं बाहेर कसं गेलं?”

मी पाणी आणायला उठले. बायकोला फसवून हा साव होतोय, असंच तेव्हा वाटत होतं. पण पेला भरून सांडला.

१२ मार्च

घुबडला विचारलं, असं कसं केलंस? म्हणाला, खरं ते लोकांना कळायलाच हवं. मी म्हटलं, खरं आहे कशावरून? तर मलाच म्हणाला, तूच तर सांगितलंस.

वहिनीला आता कोणीतरी स्पष्ट सांगायलाच हवं. तिचा संसार आहे. उद्या दादा बाहेर पडला की बोलते.

१३ मार्च

बोलले. दादाची कोणीतरी आहे, वहिनी, तू डोळे उघड – असं सरळच म्हटलं. ती छोटीच्या गणवेशाला इस्त्री करत होती. इस्त्री उभी ठेवली, बटण बंद केलं.

“ती मी आहे,” म्हणाली. “बोटीची चाल माझी. मास्तरांनी स्वतःच्या नावावर घातली, मी गप्प बसले. नव्या भागात माझ्याच आणखी दोन घातल्या, तेव्हा तुझ्या दादाला सांगितलं. मास्तरांनी बंद खोलीत कबूलही केलं.”

मग हे लपवलंत का? तर म्हणाली, नाव नको असं तिनेच दादाला बजावलं होतं. लोक म्हणाले असते, बायकोसाठी काढलं.

मी फोन उचलला. म्हटलं, आत्ता लिहिते, सगळं खरं.

“कोण मानेल?” वहिनी म्हणाली. “गेल्या आठवड्यात तू मानलं असतंस?”

नसतं मानलं.