हिरवा दिवा

सोमवार, ४ मार्च

नाही लागला! दुपारभर झटलो, नाही लागला! डबीवरचा लाल दिवा लागतो — म्हणजे वीज पोचते — पण हिरवा लागत नाही. हिरवा लागला तर लॅपटॉपशी जोडणी झाली. माईक डबीत, हेडफोन डबीत, डबी लॅपटॉपला. सत्तावीस वर्षं असल्या डब्यांपुढे जाहिराती, माहितीपट, काय वाट्टेल ते बोलून पोट भरलं. आणि आता स्वतःसाठी बोलायचंय, तर हिचं मौनव्रत!

पुढच्या सोमवारी स्वरयंत्र काढणार. गाठ आहे, दुसरा उपाय नाही. हॉस्पिटलनं तीनशे वाक्यं दिलीयत. ती वाचून ठेवायची, मग नंतर मी टाइप करायचं आणि यंत्र माझ्या आवाजात बोलणार. घसा दिवसाला जेमतेम तासभर टिकतो. आजचा तास शिव्या देण्यात गेला.

ही म्हणाली, "अहो, लॅपटॉपला स्वतःचा माईक असतो ना? त्यातच बोला की."

त्यातच बोला म्हणे! तो माईक नव्हे, भोक आहे. आत पंखा घरघरतो. उरलेला जन्म पंख्यातून बोलू?

मंगळवार, ५ मार्च

लॅपटॉप बंद, चालू. डबी काढली, लावली. शेजारच्या खाचेत लावली. लेकीनं परगावाहून फोनवर ड्रायव्हर का काय ते उतरवून घ्यायला लावलं. "बाबा, ओरडू नका, घसा—" घसा माझा आहे!

दर वेळी तेच. रेकॉर्डचं बटण दाबायचं, "एक, दोन, तीन" म्हणायचं, डबीकडे बघायचं. दिवा नाही, कानात आवाज नाही. मग मनसोक्त शिव्या. लेक विचारते, पडद्यावर काय दिसतंय? मला काय माहीत! पडदा बघणं काचेपलीकडच्या तंत्रज्ञाचं काम. आवाजवाल्यानं दिवा बघायचा. आम्ही असंच शिकलो.

बुधवार, ६ मार्च

हेल्पलाइनला फोन लावला. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया प्रतीक्षा करा."

आवाज माझा! नऊ वर्षांपूर्वी सर्दी झालेली असताना दिला होता. बावीस मिनिटं मीच मला ताटकळत ठेवलं. काय गोड बोलतो हरामखोर!

मग एक मुलगी आली. "सर, केबल तपासली का?" अगं बाई, तुझ्या जन्माआधीपासून केबली लावतोय मी! फोन आपटला. ही स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती. हसण्यासारखं काय आहे त्यात?

गुरुवार, ७ मार्च

डबी पिशवीत घालून दुकानात नेली. दुकानदारानं त्याची केबल लावली आणि पठ्ठीचा हिरवा दिवा लख्ख! "साहेब, एकदम ठणठणीत आहे." घरी आणली, परत ठार. म्हणजे लॅपटॉपच नालायक! केबलीला काय झालंय? सोमवारीच खणातून काढलीय, कोरी करकरीत.

संध्याकाळी ही भाजी आणायला गेली होती. बटण दाबलं, एक-दोन-तीन म्हटलं. दिवा नाही. मग त्या मेल्या माईकपुढे आणखी चार वाक्यं बोललो. काय ते इथेसुद्धा लिहिणार नाही. यंत्र बिघडल्याचा तेवढाच फायदा.

शुक्रवार, ८ मार्च

हिच्यावर खेकसलो. ती उलटून बोलली नाही. त्याचाच जास्त राग आला.

शनिवार, ९ मार्च

सापडलं!

ही फोन चार्जिंगला लावत होती. लांबलचक काळी केबल, टोकाला माझ्या हातची पिवळी पट्टी. माझ्या सगळ्या केबलींना असते तशी.

"ही कुठून घेतलीस?"

"घेतलीस काय? तुम्हीच दिलीत! माझी पलंगापर्यंत पोचत नव्हती, तर म्हणालात, ही घे लांब आहे, आणि तुझी ठेव खणात."

आणि खणातली मी डबीला लावलेली! चार्जरची! तिच्यातून नुसती वीज जाते, आवाज जात नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा — आणि काखेत ठेवणाराही मीच! त्या हेल्पलाइनवाल्या मुलीची माफी मागायला हवी. नाही मागणार. पुन्हा बावीस मिनिटं माझा आवाज कोण ऐकणार!

हिरवा दिवा लागला. साठ वाक्यं झाली आणि घसा बसला.

रविवार, १० मार्च

आणखी ऐंशी. लेक म्हणते, एवढ्यात कसंबसं भागेल. "मला पाणी हवे आहे." "आपण कसे आहात?" "मी आपला आभारी आहे." जन्मात असं बोललो नाही! यादीत "अगं ए" नाही. "कुठे कडमडलीस?" नाही. ही यादी करणाऱ्याला बायको नसणार.

ही शेजारी बसून पानं उलटून देत होती. शेवटी म्हणाली, "उद्या किती वाजता निघायचं?" सहा, म्हटलं.

शुक्रवार, २२ मार्च

घरी आलो. यंत्र बोलतं. "कृपया मला पाणी द्या." हेल्पलाइनवाला! तोच गोडबोल्या हरामखोर माझ्या घरात येऊन बसलाय!

हिनं ऐकलं. मग म्हणाली, "हे तुम्ही नाही." मी लिहायची पाटी भिंतीवर फेकली. फुटलीसुद्धा नाही! ओरडायचं होतं. गळ्यातल्या भोकातून नुसती हवा आली.

लेक आलीय. माझा लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात बसते. काय करतेय विचारलं, तर म्हणते, "बाबा, थांबा जरा." आणखी एक प्रतीक्षा करा!

मंगळवार, २६ मार्च

डबी मेलेली असताना लॅपटॉप त्याच्या भोकातून ऐकत होता. पाच दिवस. दर वेळी बटण दाबून बोललेलं सगळं साठलंय. पडद्यावर दिसत होतं, लेक म्हणते. मी दिवा बघत होतो.

ही कालपासून ऐकतेय. माझ्या शिव्या, पंख्याची घरघर. हसतेय. आज मला शेजारी बसवून गुरुवारचं लावलं. एक, दोन, तीन. मग घरघर. मग मी — "भीती वाटते गं. तुला हाक मारायची राहील." पुन्हा घरघर. आणि रिकाम्या घरात माझी हाक — "अगं ए, ऐकतेस का?"

ही म्हणाली, "ओ."