मडगार्डाच्या आत

९ नोव्हेंबर

झालं! रंग झाला, काचा बसल्या, इंजिन सुरू झालं. अॅम्बॅसॅडर पुन्हा गाडीसारखी दिसायला लागली. आता पुढच्या चाकांच्या वर, मडगार्डाच्या आत चार रबरी पडदे लावायचे राहिलेत. चाकाने उडवलेलं चिखल-पाणी इंजिनावर जाऊ नये म्हणून असतात ते. अर्ध्या तासाचं काम.

शेजारचा टायरवाला मच्छिंद्र हसतो. "गोरक्षभाऊ, पाथर्डीत पानी हाय कुठं उडायला?" — न का उडेना. गाडी नवी असताना होते, तर आताही असणार.

मनकर्णाला लग्नात घोडेगावहून आणलं ते याच गाडीतून. तेव्हा ती भाड्याची होती. नंतर किती वर्षांनी नेवाशात बाभळीखाली सापडली, आत कोंबड्या बसलेल्या! आता हिच्यातूनच मनकर्णाला माहेरी न्यायचं. सगळं काम माझ्या हाताने करीन आणि मीच चालवीन, असं तिला सांगून बसलोय.

१० नोव्हेंबर

साखर कारखान्याने टाकून दिलेल्या पट्ट्याचं रबर मिळालं. चिवट आहे, जन्मभर टिकेल. पुठ्ठ्याचा नमुना ठेवून चार पडदे कापले, भोकं पाडली. इथपर्यंत छान.

पुढे तारेच्या पिना. पिन रबरातून आणि पत्र्याच्या भोकातून पलीकडे घालायची, मग हात मागे नेऊन तिची दोन्ही टोकं दुमडायची. तिथं डोळा पोचत नाही. हातालाच दिसावं लागतं. हा हात तिथं हजारदा गेलाय. आज पहिली पिन पडली. दुसरी पडली. तिसरी कुठं उडाली देव जाणे!

चहा आज पुन्हा अर्धाच कप. मनकर्णा हल्ली भारीच चिकट झालीय. विचारलं तर म्हणते, "म्हस आटत आलीय, दूध कुठनं आनू?"

११ नोव्हेंबर

पडल्या.

१३ नोव्हेंबर

नवी बॅटरी आणतो सांगून नगरला गेलो. डॉक्टरकडे. कुणाला सांगितलं नाही. त्याने मला बोटं टेकवायला लावली, चालायला लावलं, नाव लिहायला लावलं. माझं नाव बघून म्हणाला, "पूर्वीपासून इतकं बारीक लिहिता?" नाही. पूर्वी माझं अक्षर गॅरेजच्या पाटीएवढं होतं.

कंपवात. हळूहळू वाढतो म्हणे. गोळ्यांनी आराम पडेल, पण जाणार नाही. "माणूस याने लगेच मरत नाही, काळजी करू नका." मरायचं कोण बोलतंय? मी हाताचं विचारत होतो.

बॅटरी आणायची विसरलो. मनकर्णाला सांगितलं, दुकान बंद होतं.

१५ नोव्हेंबर

मच्छिंद्र आला. बराच वेळ बघत उभा राहिला. "द्या इकडं, मी बसवतो." मी त्याच्या अंगावर ओरडलो — "गाडीला हात लावलास तर बघ!" बिचारा गेला. त्याचं काय चुकलं? काहीच नाही.

१६ नोव्हेंबर

एक पिन बसली! एकच. दुपारी आपोआप निघाली.

१८ नोव्हेंबर

म्हटलं, दुसरी म्हैस आणू, निदान भरलेला कप तरी मिळेल. मनकर्णा म्हणाली, "कशाला? हाय ती बास हाय." आणि तोंड फिरवलं. तरी गेलो घोडेगावच्या बाजाराला.

तिचा भाऊ बजरंग तिथं बापासारखाच दलाल आहे. बाकीचे आता तोंडानेच भाव बोलतात, पण हा अजून जुन्या पद्धतीने उपरण्याखाली हात धरतो. बोटं दाबायची, तोंडाने चकार शब्द नाही, बघणाऱ्याला भाव कळत नाही. मी दोन बोटं दाबायला गेलो आणि तिसरं आपलं आपणच नाचायला लागलं. बजरंगला वाटलं मी भाव वाढवला. त्याने म्हैसवाल्याकडे बघून मान हलवलीसुद्धा! मग थांबला. पुन्हा माझा हात धरला. नुसताच धरून ठेवला. जन्म गेलाय त्याचा हात वाचण्यात.

"दाजी, ह्ये काय हाय?"

"थंडी."

"कसली थंडी? ऊन मरनाचं पडलंय." मग अगदी हळू — "अक्काला ठावं हाय का?"

म्हटलं, तिला सांगितलंस तर पुन्हा तुझ्या दारात येणार नाही. त्याने मान खाली घातली. म्हैस घ्यायची राहिली. परत येताना एसटीत हात मांडीखाली दाबून बसलो.

२० नोव्हेंबर

पक्कड घेऊन पाहिलं, पक्कड मागे वळत नाही. डावा हात घालून पाहिला, त्याला रस्ताच माहीत नाही. गाडीखाली उताणा पडून रडलो. पाना हातात धरून ठेवला होता, कुणी आलंच तर काम चाललंय असं वाटावं म्हणून.

या गाडीचं इंजिन मी उघडून पुन्हा बांधलं. आणि चार रबराचे तुकडे लावता येत नाहीत! उद्या बोल्ट जाईल, परवा स्टिअरिंग. मग मी कोण?

२१ नोव्हेंबर

अक्षर मुंगीएवढं झालंय. काल लिहिलेलं मलाच वाचवत नाही.

२३ नोव्हेंबर

चारही पडदे बसले.

सकाळी मागच्या बाजूने हात घालून पिन चाचपत होतो, तेवढ्यात चाकाशेजारून दुसरा हात आत आला. बांगड्यांचा. दलालाची लेक ती — बोटावर बोट ठेवून माझ्या हाताचं सगळं ऐकून घेतलं. "आता सांगा, कुठं दाबू?" मी सांगत गेलो, तिने एकेक पिन दुमडली.

म्हटलं, "बजरंग बोलला ना?"

"त्यो कशाला बोलतोय! भरल्याला कप तुमच्या हातनं सांडतो. चार मानसांत तुमाला कसंनुसं व्हतं. दसऱ्यापासनं अर्धा देतीय मी."

संध्याकाळी ती धार काढत असताना गोठ्यात डोकावलो. दुधाची बादली काठोकाठ भरलेली होती.