वॉटरफ्रंट फ्लॅट विकणे आहे

१२ जानेवारी, रविवार
आज सकाळी अंघोळ, पूजा, मग गॅलरीच्या कठड्यावर कावळ्यांना तूप-पोळीचा घास. वडिलांचा नेम, मी मोडलेला नाही. नंतर त्याच कठड्याला बोर्ड बांधला : 'वॉटरफ्रंट फ्लॅट विकणे आहे. ट्रेंडी एरिया.' दोन्ही इंग्रजी शब्द चिन्मयने पुण्याहून फोनवर सांगितले. मुलगा शिकल्याचा उपयोग होतो.

विकायचा तो बायकोच्या, पद्मजाच्या गुडघ्यांसाठी. तिसरा मजला. बिल्डरने लिफ्ट देतो म्हटलं होतं. लिफ्टच्या जागेत सध्या सायकली आणि कूलर आहेत. दिवाळीपासून ती दोनदाच खाली उतरली.

एरिया मात्र खरोखर ट्रेंडी. कोपऱ्यावर मोमोची गाडी लागते. समोर तलाव. तलावाला दशक्रियेचा घाट आहे, तेही लिहा, असं पद्मजा म्हणाली. बोर्डावर जागा नव्हती.

महिनाभरात विकतो.

१९ जानेवारी
वाशिमचं डॉक्टर जोडपं आलं. मुद्दाम साडेअकराला बोलावलं होतं, कारण घाटावरचं काम दहापर्यंत आटोपतं. आज आटोपलं नव्हतं. कावळा पिंडाला शिवेना म्हणून मंडळी उन्हात बसून. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, खाली काय चाललंय? मी म्हटलं, लोक सकाळी पाण्याजवळ एकत्र येतात. खोटं नाही. मग त्यांनी विचारलं, सगळ्यांनी डोकी काहून भादरलीत?

चहा न घेता गेले. त्यांना पाण्याची आवड नव्हती.

२० जानेवारी
घाटावरचे गुरुजी जिना चढून आले. गिऱ्हाईक समजून खुर्ची पुसली. म्हणाले, सूर्यकांतराव, कावळे पिंडाकडे बघायला तयार नाहीत, तुमच्या कठड्यावरून हलत नाहीत. काल शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. दहापर्यंत तुमचा घास थांबवा.

मी त्यांना शांतपणे समजावलं की पाखरं माणूस ओळखतात. सात्त्विक घराकडे ओढ घेणारच.

ते गेल्यावर पद्मजा म्हणाली, तूप-पोळी सोडून भाताचा गोळा खायला कोण जाईल? बायका प्रत्येक गोष्ट पोटावर आणतात.

नेम चालू राहील.

२ फेब्रुवारी, रविवार
विकला! म्हणजे जवळजवळ.

रामप्रसाद, कनेरगाव नाक्यावरचा ढाबेवाला. बाथरूम पाहिलंच नाही. गॅलरीत उभा राहिला तो हलेना. साहेब, आमच्या पुढ्यात रात्रंदिवस ट्रक, इथं डोकं थंड होऊन राहिलं म्हणाला. घाटाचं विचारलं तर म्हणाला, मरण कुठं न्हाई? असा विचारी माणूस मिळायला पुण्याई लागते. त्याच्या वडिलांना, हरिचंदरावांना, पटत नाही म्हणे. शेत सोडून पेटीत काहून राहायचं, असं म्हणतात. पण समजावतो, दहा तारखेला टोकन आणतो.

पद्मजाला सांगितलं. तिने गुडघ्याला तेल चोळता चोळता देवाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

८ फेब्रुवारी
हरिचंदराव सकाळी गेले. झोपेतच. फार वाईट वाटलं. त्यानंतर लगेच टोकन मनात आलं. एक माळ जास्त जपली.

१७ फेब्रुवारी, सोमवार
रजा टाकली. हरिचंदरावांचा दहावा आमच्याच घाटावर. मी कठड्याआडून पाहत होतो. नेमाप्रमाणे घास ठेवला होता.

पिंड मांडला. कावळे सगळे माझ्याकडे. पाण्यावरून आवाज स्वच्छ येतो. रामप्रसाद हात जोडून सांगत होता, बाबा, मायला तकलीफ होऊ देणार न्हाई. भावाशी भांडणार न्हाई. तांबडी गाय इकणार न्हाई. एकही कावळा हलला नाही. म्हातारी रुख्मिणीबाई डोक्यावर पदर धरून बसली होती. अहो, काय राहिलं तुमचं, बोला की, म्हणत होती.

पद्मजा मागे येऊन उभी राहिली. तिने ताटलीकडे पाहिलं.

मी ताटली उचलून तिच्या हातात दिली, कठडा फडक्याने पुसला. वडिलांची मनात क्षमा मागितली.

बरोबर त्याच वेळी खालून रामप्रसादचा आवाज आला : बाबा, फ्लॅट घेत न्हाई! पैसा विहिरीला लावतो!

कावळे सगळेच्या सगळे उतरले.

रुख्मिणीबाई मोठ्याने रडली. गुरुजींनी वर बघून मला नमस्कार केला. मीही केला. काय करणार?

१८ फेब्रुवारी
रामप्रसादचा फोन. साहेब, तुमी पाह्यलंच असंल.
पाहिलं म्हटलं.

२३ फेब्रुवारी
गुरुजी पुन्हा वर आले. त्यांचं तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर आम्हाला, आमचा फ्लॅट त्यांना, वर थोडी रक्कम. म्हणाले, घाट नजरेसमोर राहील आणि कावळे ताब्यात.

मी विचार करून सांगतो म्हणणार होतो. पद्मजा आतून ओरडली, पेढा घेऊनच जा, गुरुजी!

१६ मार्च, रविवार
नवं घर. खिडकीतून पिठाची गिरणी दिसते. पद्मजा सकाळी एकटी चालत मारुतीला जाऊन आली. मग पुन्हा गेली. काही विसरलीस का विचारलं, तर नाही म्हणाली.

दारात घास ठेवला. अकरा वाजले, एकही कावळा नाही. कावळे माणूस ओळखतात हे माझं मत कायम आहे. पत्ता कळायला वेळ लागत असेल.

पद्मजा उंबऱ्यात बसून घासाकडे बघत होती. म्हणाली, तुमचं मन कशात तरी अडकलंय. बोलून टाका.

कशात नाही म्हटलं. तिने दाराआड पाहिलं. तिथे बोर्ड होता. पुढे लागेल म्हणून मी सामानातून आणला होता. वसमतकडे नदीकाठी एक स्कीम निघते आहे, लिफ्टसकट. तिला अजून सांगितलेलं नाही.

मग उठलो, बोर्ड उचलला आणि अक्षरं खाली करून पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवला. नेमका बसला.

कावळा आला, घास घेऊन गेला.