भात्याचा डाव आणि तुझे दाजी

छत्रपती संभाजीनगर
अधिक ज्येष्ठ, शनिवार

चि. पुंजाराम यास,

सारजाअक्काचे अनेक आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? आशाबाईचे गुडघे काय म्हणतात? इकडं सगळं खुशाल आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. त्यावर विश्वास ठेवू नको.

अधिक महिन्यात जावयाला धोंडे जेवायला बोलावून चांदीचं काहीतरी वाण द्यावं, अशी रीत आहे. तू पत्त्यांचा कॅट दिलास (तोही वापरलेला) आणि वर एकट्यानं खेळायचा तो भात्याचा डाव शिकवलास. तुझे दाजी रिटायर होऊन आठ महिने झाले. चितेगावच्या कंपनीत त्यांच्या हाताखाली चाळीस माणसं होती. घरी मी एकटी, आणि मी ऐकत नाही. आता त्यांना ऐकणारे बावन्न मिळाले.

डाव तुला माहीत आहे, तरी लिहिते. मला दिवसातून चारदा ऐकावा लागतो, मीही एकदा कुणाला ऐकवावा की नाही? बावन्न पत्ते उताणे, एका ओळीत मांडायचे. कुठलाही पत्ता डावीकडच्या लगतच्या पत्त्यावर, नाहीतर डावीकडं तिसऱ्या पत्त्यावर चढवायचा. पण रंग तरी एक पाहिजे (बदामावर बदाम), नाहीतर आकडा तरी (सत्तीवर सत्ती). गठ्ठा झाला की फक्त वरच्यानं बोलायचं, खालच्यांनी गप्प बसायचं. (हा नियम मला लग्नापासून पाठ आहे.) जागा रिकामी झाली की ओळ सरकवायची. पेटीचा भाता मिटावा तशी ओळ मिटत जाऊन शेवटी सगळ्यांचा एकच गठ्ठा झाला, की जिंकलं. इतक्या दिवसांत एकदाही झाला नव्हता.

आता ही ओळ होते बारा फूट. आमच्या घरात तेवढी सलग जागा एकच, हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंतची बोळ. पत्ते उडतात म्हणून पंखा बंद. बाहेर बेचाळीस डिग्री, आत तुझे दाजी बनियनवर, कपाळाला आठ्या, जसं काही निजामाचं राज्य यांच्यावर सोपवलंय. आणि एकट्याचा खेळ एकट्यानं खेळू देईल ते हे शहर कसलं? शेजारची तबस्सुम विरजण मागायला आली आणि वाटी हातात घेऊन अर्धा तास उभी. "अंकल, वो तिर्री उठाव ना, बाजूमेंच हय!" तेवढ्यात दूधवाला कचरू दारातून वाकला.

"हा एकट्याचा खेळ आहे," हे ओरडले.

"व्हय, एकट्याचाच," कचरू म्हणाला, "पण ती नव्वी घ्या की आधी."

मंगळवारी तर कहर झाला. आठ दिवसांनी नळ आला, भरदुपारी. मी अंगणात पाइप लावला आणि मोटारीचं बटण दाबायला आत धावले, तर बोळीत पत्ते, आणि पत्त्यांशेजारी तुझे दाजी मांडी घालून. चिलटालासुद्धा वाट नव्हती.

"थांब! आत्ताच मांडलाय."

"अहो, पाणी जाईल."

"पाणी आठ दिवसांनी परत येईल. असा डाव परत येत नसतो."

मी ओलांडायला गेले, पदर लागला, बदामाची राणी स्टुलाखाली गेली, आणि हे असे किंचाळले की तबस्सुम धावत आली. राणी कुठल्या जागी होती यावर आमचं भांडण मिटेपर्यंत नळ गेला. टाकी कोरडी. चार दिवस मी तबस्सुमकडून घागरी आणल्या. ह्यांनी एकही उचलली नाही. एकाग्रता मोडते म्हणे.

आणि काल हे जिंकले! पेढे वाटले. कचरूला अर्धा तास उभं करून चिकाटी म्हणजे काय ते समजावलं, त्याचं दूध नासेपर्यंत.

आशाबाईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
सारजाअक्का

ता. क. कुणाला सांगू नको. काल शेवटी दोनच गठ्ठे उरले होते. डावीकडं इस्पिक गुलाम, उजवीकडं बदाम नव्वी. हे तासभर त्यांच्याकडं बघत बसले होते. तोंड असं झालं होतं की मला बघवेना. (घागरी आठवूनसुद्धा बघवेना.) हे तोंड धुवायला उठले, तेव्हा मी ती नव्वी, तिच्याखालच्या पत्त्यासकट, गठ्ठ्याच्या तळाला सरकवली. खालून इस्पिक पंजी वर आली. हे परत आले, पंजीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाले, "अरेच्चा, ही मघाशी दिसलीच नाही!" मी भाजी निवडत राहिले.

आणखी एक. जिंकल्यापासून कॅटला हात लावत नाहीत. सकाळपासून स्वयंपाकघरात आहेत. मोहरी-जिऱ्याचे डबे उंचीप्रमाणे लावून झाले, आता मला फोडणी शिकवायला घेतलीय. तेव्हा एकट्यानं खेळायचा दुसरा एखादा डाव तातडीनं लिहून पाठव. पत्र तबस्सुमच्या नावानं टाक. आणि नीट बघून पाठव, पुंजाराम. जिंकता येण्यासारखा असेल, तर तुझ्याकडंच ठेव.