सातवी नोंद

३ जून

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

तुझा निबंध मिळाला. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला पेशंटची काळजी घ्यायला शिकली असशील, कागदाची मात्र मुळीच घेत नाहीस. डावा समास दीड इंच हवा, बांधणीत अर्धा जातो. तू एकच सोडलास. संदर्भसूची तर पिशवी उलटी करून ओतल्यासारखी. आधी आडनाव, मग वर्ष, लेखाचं नाव, नियतकालिक तिरप्या टाइपात, खंड, पृष्ठं. सातव्या नोंदीत नुसतं आडनाव? असं उघडंबोडकं कोणी घराबाहेर पडतं का?

मी दहावीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही. इंग्रजी टाइपिंग, बांधणी, सूचीचे नियम, सगळं स्वतः शिकलो. तेवीस वर्षांत माझ्या दुकानातला एकही प्रबंध सूचीसाठी परत आलेला नाही. तुमच्या लायब्ररीत माझे बरेच आहेत, काळी पाठ, सोनेरी अक्षरं. अडलीस तर डोळे मिटून त्यातून नोंद उतरव.

तुझ्या आईला म्हणावं, पित्ताशयाच्या ऑपरेशनला घाबरू नकोस, लेक त्याच हॉस्पिटलात आहे.

माझी कटकट गोड मानून घेत जा,
मामा

७ जून

ती. मामास शि. सा. न.

समास सुधारला. सातवी नोंद तुझ्या काळ्या पाठीतच सापडली, आमच्या वॉर्डच्या मोठ्या सिस्टरांच्या प्रबंधात. वर्ष, खंड, पृष्ठं, सगळं जागच्या जागी.

पण मामा, लायब्ररीयन बाईंनी तो खंड काढून दिला, तर त्या पानांवर चादरी धुण्यावरचा लेख आहे. मागचेपुढचे चार खंड चाळले. हा लेख कुठेच नाही. आणि वॉर्डच्या भिंतीवरचा तक्ता याच लेखाच्या आधारावर आहे. पोटाच्या ऑपरेशननंतर दुखणं थांबवायचं भारी इंजेक्शन देतात, त्यानं श्वास मंदावतो. तो चार तासांनी मोजला तरी पुरे, असं तक्ता म्हणतो. मंगळवारी नऊ नंबरच्या आजोबांचे ओठ निळे पडलेले दिसले. तेही मी पाणी द्यायला गेले म्हणून. वाचले.

सिस्टरांना विचारलं तर म्हणाल्या, आधार छापील आहे, शंका काढायला तू कोण. आईला याच वॉर्डात ठेवणार आहेत, सतराला. तो प्रबंध तू टाइप केलास. त्यांचं मूळ हस्तलिखित बघशील का?

तुझी लाडकी, तरी हैराण,
ठकी

१० जून

चि. ठकीस आशीर्वाद.

लायब्ररीयन बाईंची नजर चुकली असेल. जुनी हस्तलिखितं मी ठेवत नाही. सूची नीट आहे तर निबंध देऊन मोकळी हो; शिकणाऱ्यानं मोठ्यांच्या चुका काढत बसू नये.

काम फार आहे. लोभ आहेच.
मामा

१३ जून

ती. मामास शि. सा. न.

तुझं चार ओळींचं पत्र आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. समाससुद्धा वाकडा होता.

हस्तलिखितांचे गठ्ठे लहानपणी मीच तुझ्या माळ्यावर चढवले आहेत, खालून तू नंबर ओरडायचास. मग खोटं का लिहिलंस?

काल चार नंबरच्या बाई गेल्या. वय एकेचाळीस. दोन फेऱ्यांच्या मध्ये. सिस्टर म्हणतात, हृदय कमकुवत असेल. सतराला माझी नेमणूक दुसऱ्या मजल्यावर आहे. आईचा श्वास मोजायला मी नसेन. बदली मागितली, मिळाली नाही. डॉक्टर म्हणाले, लेखी काही असेल तर दाखव.

मामा, ती तुझीही बहीण आहे.
ठकी

१५ जून

चि. ठकीस आशीर्वाद, ते घ्यावेसे वाटले तर.

सिस्टरांचा गठ्ठा सोडला. तुझ्या त्या सातव्या नोंदीच्या जागी त्यांच्या हातचं एवढंच आहे: आडनाव, आणि पेन्सिलीनं, ‘व्याख्यानात ऐकलं होतं, चार तास की एक तास? शोधून भरणे.’ प्रबंध दुसऱ्या दिवशी सादर करायचा होता. अर्धवट ओळ माझ्या दुकानातून बाहेर जात नाही, ही माझी मिजास. वरच्या नोंदीतलं नियतकालिक घेतलं, खंड एकानं वाढवला, पृष्ठं शोभतील अशी टाकली. मजकुरात चार तास ठेवले, प्रश्नचिन्ह काढलं. सिस्टरांना वाटलं, मी शोधून काढलं. माझे आभार मानायला पेढे घेऊन आल्या होत्या. मी ते खाल्ले.

तुझं ‘चादरी धुण्यावरचा लेख’ वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. तरी दहा तारखेला ते पत्र लिहिलं. चार नंबरच्या बाई त्यानंतर दोन दिवसांनी गेल्या.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. उद्या पहिल्या बसनं ते आणि मूळ पान घेऊन येतो. तोंडी बोललेलं उडून जातं, म्हणून सहीनिशी लिहिलं. डॉक्टरांच्या हातात दे, माझं पूर्ण नाव सांग. तक्ता उतरेपर्यंत तुझ्या आईला आत नेऊ देऊ नकोस, दारात आडवी पड.

बस सुटायला अजून वेळ आहे, म्हणून दुसरा गठ्ठा सोडला. लहान मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टरांचा प्रबंध. औषधाच्या मात्रांचं कोष्टक आहे, मी टाइप केलेल्या प्रतीत खाली आधार दिलाय, पानांसकट.

त्यांच्या हस्तलिखितात ती जागा कोरी आहे.

मामा